चौकटीच्या आत

नजलाने चौकटीतली यादी पुन्हा खाली सरकवली. बाहेरचं पान ढिम्म होतं.

"कळतंय का आपल्या पानाला काही?" फोनवर सी मुनसिफनी विचारलं. समुद्रात हरवलेल्यांच्या घरच्यांसाठी ते सफाक्स बंदरात संस्था चालवत; आदराने सगळे त्यांना 'सी' म्हणत.

"कसं कळणार, सी मुनसिफ? चौकट आपल्या पानात असली तरी आतली यादी शवागाराच्या साइटची. आत कुणी स्क्रोल केलं तरी बाहेरच्या जावास्क्रिप्टला पत्ता लागत नाही. आतूनच निरोप यायला हवा."

"मग त्यांच्या माणसाचे पाय धरतो. एखादी आई एका ओळीवर येऊन थांबते, पोरी, आणि तिथे तिला विचारणारं कुणी नसतं."

त्यासाठीच हा खटाटोप. बेवारस देहांची वर्णनं वाचताना कुणी एके ठिकाणी थबकलं, की पट्टी यायला हवी होती: 'कुणी ओळखीचं वाटतं का? आम्हाला फोन करा.'

खरी यादी नजलाने कधी वाचलीच नव्हती. चाचणीसाठी तिने मनाच्याच ओळी भरल्या होत्या: कांदे, टोमॅटो, पुन्हा कांदे. तिचा भाऊ वजदी वसंतात होडीत बसला, तेव्हापासून त्याचा फोन नव्हता. आई म्हणायची, इटलीत आहे, काम लागलं की करेल. नजलाची आशा कधीच आटली होती, पण आईपुढे ती मान डोलवायची. घरात त्या यादीचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून हातातलं काम कसलं आहे हेही तिने आईला सांगितलं नव्हतं.

दुपारी शवागाराच्या माणसाने तिने पाठवलेला चार ओळींचा कोड आतल्या पानात टाकला. नजलाने पट्टी सुरू केली. टेबलापलीकडे आई मटार सोलायचे सोडून फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

निरोप आला. कुणीतरी यादी उघडली होती. भराभर खाली, आणखी खाली, आणि एका जागी स्थिर. मधलं काहीच वाचलं नव्हतं. जागा पाठ असावी तसं. वाचणाऱ्याच्या पडद्यावर पट्टी झळकली. चाललं एकदाचं, म्हणून नजलाला हसूच फुटलं.

"नजला," आईने फोन तिच्यापुढे धरला. "हे काय गं मध्येच आलं? रोज नसतं. तुला येतं ना त्यातलं? काढ. त्याच्या ओळीवरच आलंय."