कोबीचं पातेलं आणि साठ किलोमीटर

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. विजेवर चालणाऱ्या टॅक्सीच्या पोटाखाली पाटासारखी आडवी पडून मी अकरा हिवाळे काढले. आता चीनच्या थंडगार उत्तरेतल्या हेइलोंगच्यांगमधल्या एका खेड्यात, डुकरांच्या खोपटाशेजारी माझा मुक्काम आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्याबद्दल छापलं होतं, "एकदा भरली की चारशे किलोमीटर!" थापा मारण्यात मीही कमी नाही, पण एवढी मोठी मी कधी मारली नाही. ज्याने तो आकडा काढला त्याने मला कोवळ्या उन्हात, सपाट रस्त्यावर, एकट्या सडपातळ माणसाला बसवून चालवलं असणार.

माझी मालकीण थोंग क्वेचिन पन्नाशीची होती. हिवाळ्यात ती हीटर लावत नसे, दोन रजया गुंडाळून गाडी हाकायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "ऊब हवी तर घरी बस. पोचायचं असेल तर माझ्याबरोबर चल." आणि मला थोपटून म्हणायची, "माझी गाढवीण कधी वाटेत बसत नाही." मी फुगून जायचे.

वर्षअखेरीस आमच्याकडे गावोगाव डुक्कर मारून जेवण घालतात. त्या वर्षी ती लुआन खाटकाला आणि त्याच्या धाकट्या भावाला, चांगहायला, ऐंशी किलोमीटरवरच्या गावात घेऊन गेली. मला गोठ्यात ठेवायला हवं होतं, पण तिथे डुक्कर होतं. मी चार तास वाऱ्यात उभी राहिले. थंडी उणे अठ्ठावीस! माझ्या अंगातली वीज थिजल्या काकवीसारखी झाली, चाकांतली हवाही आक्रसली.

डुकराने दोर तोडला. बैलाएवढं होतं ते, खोटं सांगत नाही! त्याने चार गडी उधळले, टेबल मोडलं, आणि लुआनच्या हातातली सुरी त्याच्याच मांडीत घुसली. बर्फावर रक्ताची वाफ निघाली. पट्ट्याने मांडी करकचून बांधून त्याला मागच्या सीटवर आडवं केलं. इस्पितळ आमच्या गावातच, ऐंशी किलोमीटरवर; पडद्यावर उरलेल्या किलोमीटरांचा आकडा होता एकशेदहा. गाडी सुटणार तोच घरच्या म्हातारीने आंबट कोबी आणि डुकराच्या मटणाचं उकळतं पातेलं आत कोंबलं.

"आजी, ओझं वाढतंय!" क्वेचिन ओरडली.

"आमच्या दारातून रिकाम्या हाती कुणी जात नाही," म्हातारीने दार आपटलं.

समोरून वारा थोबाडीत मारत होता, खाली भुसभुशीत बर्फ, आणि घाईघाईत क्वेचिनने मला शंभराच्या वेगाने पिटाळलं. वीस किलोमीटर गेलो आणि आकडा पंचावन्नावर आला. तिने वेग अर्ध्यावर आणला.

"सावकाश काय चालवतेस? दादा निळा पडलाय! हीटर लाव!" चांगहायने मागून सुरी तिच्या मानेला लावली.

"आकडा बघ. पंचावन्न उरलेत, रस्ता साठ. वेगात गेले तर वारा वीज खाईल, हीटर लावला तर हीटर. मग तुझा दादा रस्त्यातच राहील."

"चेटकिणे!" त्याने तिच्या कानशिलावर ठोसा हाणला. गाडी गरकन फिरून बर्फाच्या ढिगावर आदळली, दिवा फुटला. क्वेचिनने वळून कोपर मारलं, त्याचं नाक फुटलं. त्याने सुरीच्या मुठीने पडद्याच्या ठिकऱ्या केल्या. आकडाच गेला.

"झालं समाधान?" ती रक्त थुंकून म्हणाली. "आता किती उरलंय ते त्या डुकराला विचार."

मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तेवढ्यात जखमी लुआन पुटपुटला, "चांगहाय... कोबीचा वास येतोय रे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चांगहायने पातेलं उचललं, भावाच्या पोटाशी धरलं, वरून क्वेचिनने काढून दिलेल्या दोन्ही रजया पांघरल्या.

"झाकण उघडू नकोस, मूर्खा! जेवायला नाही दिलंय!" थंडीने कुडकुडत क्वेचिन खेकसली.

पुढचे साठ किलोमीटर मी कशी गेले, ते माझं मला माहीत. माझा कण न् कण पिळला गेला. इस्पितळाच्या चढावर मी थांबले. अगदी फाटकासमोर.

"उतर आणि ढकल रे बैला! मारायला जोर होता ना?" क्वेचिन ओरडली. नाकातून रक्त गळत असताना चांगहायने रडत, शिव्या देत आम्हाला वर ढकललं. लुआन वाचला. आजही लंगडतो, आजही डुक्कर मारतो.

पुढे मी थकले. उन्हाळ्यातही दीडशेवर दम लागू लागला. गाडी मोडीत निघाली, पहारी घालून मला उचकटलं, आणि भंगारात मी दोन वर्षं कुजले. तिथून मला शोधून आणलं ते चांगहायने. आता छपरावरच्या उन्हाची वीज मी साठवते आणि खोपटातले दिवे लावते.

मित्रांनो, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो चांगल्या दिवसाचा असतो. गारठ्यात आम्हाला आडोसा द्या, निघण्याआधी चार्जिंगची वायर लावलेली असतानाच गरम करा, आणि घाई असेल तेव्हा तर सावकाशच हाका. आणि आकडा आवडला नाही म्हणून कुणाचं थोबाड फोडू नका.

दर वर्षअखेरीस, जेवण सुरू होण्याआधी चांगहाय कोबीचं पहिलं पातेलं माझ्या पाठीवर आणून ठेवतो, वर रजई घालतो. पाहुणे हसतात. तो आपलं वाकडं नाक चोळत म्हणतो, "थांबा रे. आधी हिला."