न रडलेली बाई

दीपानं वाचलेलं पान खाली ठेवलं आणि चोरून आत्याकडे पाहिलं. कौसल्याआत्या मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. कथेतल्या बाईनं आतापर्यंत पोरांच्या ताटात हात आखडून वाढलं होतं, ती शेजारणीला टोचून बोलली होती, मरायला टेकलेल्या भावजयीला पाहायलाही गेली नव्हती. ती बाई कोण हे आत्याला पहिल्या पानावरच कळलं असावं. पण तिची बोटं एकदाही अडखळली नव्हती.

"वाच समोर," ती म्हणाली.

राजूरच्या खाणीतले कोळशाचे ट्रक घरासमोरून जात होते. दार लोटलेलं असूनही बारीक काळी पूड कागदांवर येऊन बसत होती. दीपा ती फुंकरीनं उडवायची आणि पुढचं वाचायची.

आईबाप लवकर गेल्यावर दीपाला आणि तिच्या मोठ्या भावाला याच आत्यानं वाढवलं, खाणीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून. वाढवलं, पण कधी जवळ घेतलं नाही. पुढे भाऊ दारूला लागला. त्यानं घरातली भांडी विकली, एकदा आत्यावर हातही उगारला. मे महिन्यातल्या एका दुपारी तो परत आला, तेव्हा आत्यानं आतून कडी घातली. बराच वेळ तो दार वाजवत होता, पाणी मागत होता. मग आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी तो वणीच्या रस्त्याकडेला सापडला. ऊन लागून गेला, असं सगळे म्हणाले. दीपा तेव्हा अमरावतीला शिकत होती. तिला जे कळलं ते शेजाऱ्यांकडून. आत्याला तिनं कधी विचारलं नाही. तिनं कथा लिहिली.

कथा यवतमाळच्या एका दिवाळी अंकाकडे गेली. संपादक प्रफुल्ल यांचा फोन आला होता. "जमलीय कथा, मॅडम. पण ही बाई कोणाला आवडणार नाही. कुठंतरी तिच्यातला माणूस दिसू द्या."

मग दीपानं चार ओळी घातल्या होत्या. आता त्याच आल्या. तिचा आवाज आपोआप उतरला.

"'दाराआड ती उभी होती. हात कडीवर होता. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडत होती...'"

सुपातली बोटं थांबली.

"हे काहून लिवलं?"

दीपानं पानावर बसलेली पूड फुंकरीनं उडवली.

"तुले कोनं सांगतलं, मी रडली म्हून?"

"कोनीच नाई. वाचनाऱ्यायले तिची कीव आली पाह्यजे, आत्या. नाई तं ते छापत नाईत."

"मी रडली नोती." कौसल्यानं सूप खाली ठेवलं. "खाटेवर बसून होती. त्याचं वाजवनं आयकत होती. रडू आलं असतं, तं उठून दार नसतं उघडलं काय?"

दीपानं कागद मांडीवर ठेवले.

"मले वाटलं, आज नाई उघडलं तं सुधरंल..." कौसल्या बोलता बोलता थांबली. तिनं मान हलवली. "नाई. तसंबी नाई. मले त्याचा कंटाळा आलता. एवढंच."

"असं लिवलं तं लोक तुले वाईट म्हनतीन."

"म्हनतच हायेत. तू खोटं कायले लिवतं?"

दीपानं त्या चार ओळींवर काट मारली. मग अंगणात जाऊन तिनं प्रफुल्ल यांना फोन लावला आणि त्या ओळी काढल्याचं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग यंदा राहू द्या." ती "बरं" म्हणाली.

घरात आली तेव्हा आत्या तशीच बसून होती.

"नाई घेत काय?"

"नाई."

"त्या पोराचं नाव काय ठेवलं तू?"

"अश्वजित."

"काहून?"

"खरं नाव कसं टाकू, आत्या?"

कौसल्या दाराकडे पाहत राहिली. एक ट्रक गेला. दाराचा पत्रा थोडा वेळ वाजला आणि शांत झाला.

"धम्मरत्न," ती म्हणाली. दीपाचा भाऊ गेल्यापासून त्या घरात हे नाव कोणी घेतलं नव्हतं. तिला ते नीट उच्चारता आलं नाही. म्हणून तिनं पुन्हा एकदा घेतलं. "धम्मरत्न लिव. अन् माह्यंबी खरंच टाक."

दीपानं पेन उघडलं. पहिलं नाव खोडून वरच्या मोकळ्या जागेत ती लिहायला लागली. जोडाक्षरं लावायला तिला वेळ लागला.

"लिवलं?"

"हो."

"आन इकडं."

कौसल्याला वाचता येत नव्हतं. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. "कोनतं हाय?"

दीपानं बोटानं दाखवलं. आत्याचाही हात पुढे आला. पण शाई अजून ओली होती, म्हणून तिनं तो मागे घेतला आणि ती नुसती पाहत राहिली.