आहेरात आलेली मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी गोष्ट अमेरिकेतल्या एका कापसाच्या मळ्यावर घडते. मला लिहिलं तेव्हा तिथली गुलामगिरी कायद्याने कधीच संपली होती, पण माझ्या लेखिकेला ते जुने दिवस फार सुखाचे वाटत. पुढे मी मराठीत आले, छापखान्यात माझी पानं शिवली, वर निळ्या कापडाची बांधणी चढवली, आणि दुकानातून मी लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या मावशींच्या घरी आले.

माझ्यातल्या लग्नाच्या प्रकरणावर मावशींचा भारी जीव. मशीनवरून उठल्या की त्या तेच उघडायच्या आणि नायिका माहेर सोडते तिथे डोळे टिपायच्या. ती पानं त्यांच्या बोटांनी मऊ पडली होती. मला त्याचा केवढा अभिमान!

पुढे त्यांची भाची इतिहास शिकायला त्यांच्याकडे राहिली. मावशींनी कौतुकाने मला तिच्या हातात ठेवलं. तिने मला वाचून संपवलं आणि जेवताना विचारलं, "मावशी, तुला हे आवडतं तरी कसं?"

"का? काय वाईट आहे त्यात?"

"त्या घरात राबणारी माणसं विकत घेतलेली आहेत. आणि पुस्तकात ती सारखी हसतात, गातात."

"तुझा इतिहास मला नाही कळत," मावशी ताट उचलत म्हणाल्या. "एक आवडतं पुस्तक होतं माझं, तेही नासवलंस."

त्या दिवसापासून मी चिंध्यांच्या पेटीत पडले. घरातलं बोलणं कामापुरतं उरलं. मलाही त्या मुलीचा राग आला होता. आता आपली रद्दी होणार, असं मी धरूनच चालले होते.

पण एका दुपारी भाचीनेच मला बाहेर काढलं. मशीनजवळ स्टूल ओढून ती म्हणाली, "मावशी, लग्नाचं प्रकरण तूच वाच. मोठ्याने."

जरा घुश्शातच मावशी वाचू लागल्या. "आहेरात चांदीची भांडी आली, दोन पांढरे घोडे आले, आणि स्वयंपाकिणीची धाकटी मुलगी..." त्या थबकल्या. "मुलगी? आहेरात?"

"तेव्हा कायदाच तसा होता. माणूस वस्तूसारखा देता यायचा. ही लेखिका तशाच मालकांच्या घरात वाढलेली, तिला त्यात काही वावगं दिसलं नाही."

"आणि त्या पोरीची आई?"

"पुढच्या पानावर बघ. लग्नाचा स्वयंपाक करतेय. गाणं म्हणत."

मावशींनी पान उलटलं. गाण्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी आपली नायिकेसाठी रडत बसले. माहेर तर या पोरीचंही सुटलं गं. साधं नावसुद्धा नाही दिलं तिला."

"फेकून द्यायचं का हे?"

"नको. पहिल्यापासून वाचू. आणखी कुणाकुणाला असं एका ओळीत उरकलंय, बघू दे."

मित्रांनो, मला लिहिणारी आता नाही आणि माझ्यातलं एक अक्षरही मला बदलता येत नाही. मला कव्हर घाला, माझी पानं दुमडू नका. पण माझ्यात जी माणसं एका ओळीत येऊन जातात, त्यांच्यापाशी जरा थांबा. त्यांची विचारपूस करायला मला तोंड नाही. ती तुम्हालाच करावी लागेल.