आधीचं पान

आमचं अ‍ॅप फाइली दाखवतं. दवाखाने, वकील, कचेऱ्या ते वापरतात. फाइल उघडली की कुणी आमचं नाव काढत नाही. नाही उघडली की सात पिढ्यांचा उद्धार होतो. न उघडणाऱ्या फाइली हे माझं खातं.

पूर्वी मी लाल चौकट दाखवायचो: ‘फाइल उघडता आली नाही.’ साहेबांच्या ती डोळ्यांत खुपायची.

“लोक घाबरतात रे,” ते म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. नाही उघडली, तर आधीचं पान राहू दे तसंच. माणूस पुन्हा क्लिक करेल.”

मला पटलं नव्हतं. तरी मान डोलावली आणि कोडच्या चार ओळींत काम उरकलं. त्यानंतर तक्रारी थांबल्या, म्हणजे साहेबांचंच खरं ठरलं.

मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. तिच्या मानेत गाठ होती. तुकडा तपासायला देऊन आठवडा झाला होता, आणि आठवडाभर ती घरात प्रत्येकाशी भांडत होती.

“गाठ साधी आहे! डॉक्टरांनी स्क्रीनवरच दाखवलं. आता जिना उतरतेय. आईला कळवलं, ती रडायलाच लागली.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग आता भांडणं बंद?”

“बंद. आणि गंमत ऐक. वर नाव माझं, खाली रिपोर्टात वय एकसष्ट! मी म्हटलं, डॉक्टर, काळजीनं म्हातारी झाले हो मी. तेही हसले. टायपिंगची चूक, म्हणाले.”

ताई अडतीस वर्षांची आहे.

वरचं नाव यादीतून येतं, क्लिक केल्याबरोबर बदलतं. खालचं पान फाइलीतून येतं. फाइल उघडली नाही, तर आधीच्या माणसाचं पान तिथेच राहतं. त्या खोलीत हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

“कुठल्या अ‍ॅपमध्ये दाखवलं?”

“अरे, तुझ्याच! मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा, हे माझ्या भावानं केलंय.”

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. बोट दाखवायचं कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

“ताई, परत वर जा. ते पान तुझं नाही. तुझी फाइल उघडलेलीच नाही.”

“म्हणजे गाठ वाईट आहे?”

“म्हणजे तुझा रिपोर्ट अजून कुणी पाहिलेलाच नाही.”

फोनवर तिची पावलं ऐकू येऊ लागली. ती पायऱ्या चढत होती.

“आईला काय सांगू आता?”

“आधी तुझी फाइल उघडू दे. मग सांगू.”

“नाही उघडली, तर नाही उघडली असं लिहायचं ना रे तिथे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, धाप होती.

“लिहिलं होतं.”

“मग काढलं कुणी?”

साहेबांचं नाव ओठांवर आलं होतं.

“मी,” मी म्हणालो.