बशांची फुलं

वहिनींनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं भांडी धुतली. निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी आल्या, रबरी हातमोजे कचऱ्यात टाकले आणि नणंदेला म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची."

ही सुटका जेमतेम दोन महिने टिकली. वहिनींचे यजमान गेल्यापासून घरात दोघीच होत्या. नणंद शाळेत चित्रकला शिकवायची, तीही आता घरीच. तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. जुन्या बाजारातून ती बशा आणि पेले आणू लागली. मोठ्या बशीवर लहान बशी, मधोमध उपडा पेला, सगळं सिलिकॉनच्या गोंदानं चिकटवायचं, मागच्या बशीला ड्रिलनं भोक पाडून सळई बसवायची, की झालं बागेत रोवायचं फूल. शेजारपाजारचे कौतुकानं मागून नेऊ लागले. पण जुन्या बशीचा ओशटपणा पुरता निघाल्याशिवाय सिलिकॉन धरत नाही. ते धुण्याचं काम कुणी न सांगता वहिनींच्या गळ्यात पडलं.

एका सकाळी नणंदेनं चार पिशव्या मोरीशी आणून ठेवल्या. वहिनी स्टुलावर बसल्या त्या बसूनच राहिल्या.

"वन्सं, मी आता एकही बशी धुणार नाही."

"अगं, चाळीसच तर आहेत."

"चार असल्या तरी नाही. हात विटलेत माझे."

नणंद फुगली. तिनं स्वतःच धुतल्या, मांजरीनं तोंड पुसावं तशा.

आठवड्यानं शेजारची शिंपीणबाई पिशवी घेऊन आली. आत तिनं नेलेल्या फुलाच्या सुट्या झालेल्या दोन बशा आणि पेला.

"फूलच ते, गळायचंच," असं म्हणून ती बिचारी हसली.

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. दुपारी ती ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वहिनी शेजारी टेकल्या.

"तू धुतलेली एकही सुटली नव्हती," नणंद म्हणाली. "मला वाटायचं, तुला सवयच आहे."

"सवय आहे म्हणूनच नको, वन्सं."

वहिनींनी पिशवीतली एक बशी काढून तिच्यावरून बोट फिरवलं. मग वहिनी म्हणाल्या, "धुवायचं कसं ते दाखवते. पण धुवा तुम्ही. भोकं मी पाडीन."

"तू? ड्रिल धरलंयस कधी?"

"तुम्ही तरी बशी कधी धुतली होतीत?"

बाजारातून नव्या पिशव्या आल्या तेव्हा पाण्याच्या टबात बशी धरून वहिनींनी बॅटरीवरचं ड्रिल टेकवलं. पहिल्या तीन तडकल्या. नणंदेनं ओठ दाबून धरले. चौथीला वहिनींनी हाताचा भार कमी केला आणि भोक गोल, स्वच्छ पडलं. वहिनींनी लगेच पाचवी घेतली.

थोड्या वेळानं मोरीतून हाक आली, "वहिनी, कंबर मोडली गं! किती राहिल्या?"

"सव्वीस."

तिकडून नुसता उसासा ऐकू आला. वहिनींना हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं. ड्रिल बाजूला ठेवून त्या भिंतीला टेकल्या.

"बाकीच्या उद्या बघू," त्या म्हणाल्या.

मोरीतला नळ ताबडतोब बंद झाला.