कोणती फाईल कोणाकडे

बाई गेल्याचं मला एका फोटोमुळे कळलं.

त्याआधी अठरा दिवस संगणक सुरूच झाला नव्हता. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग एका सकाळी लेकीने तो सुरू केला आणि फोटोंचा फोल्डर उघडला. "आईचा एक तरी सरळ बघणारा फोटो असेल ना हो, बाबा? भिंतीवर लावायला?" तिने विचारलं. खोलीच्या दारातून काका, म्हणजे बाईंचे यजमान, म्हणाले, "ती कुठे सरळ बघायची? फोटो काढला की हिचं लक्ष पातेल्याकडे." दोघं हसली, आणि लेकीने एका फोटोवर टिचकी मारली. मला नेहमीचा प्रश्न आला : चित्राची फाईल कोणाकडे द्यायची? मी उत्तर दिलं. मला तेवढंच येतं.

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये, सहसा न दिसणाऱ्या एका फोल्डरात माझी जागा आहे. माझं नाव माइमॲप्स डॉट लिस्ट. माझ्यात फार तर वीसेक ओळी असतील. प्रत्येक ओळीत डावीकडे फाईलचा प्रकार आणि उजवीकडे ती उघडणाऱ्या प्रोग्रामचं नाव. तुम्ही फाईलवर दोनदा टिचकी मारता तेव्हा आधी मला विचारलं जातं. फाईलच्या आत काय आहे ते मी कधीच पाहत नाही. ती कोणाच्या हातात द्यायची, एवढंच सांगते.

माझा जन्म एका ओळीपासून झाला. लेकीने आपला टाकाऊ झालेला लॅपटॉप आईला दिला, त्यावर लिनक्स घातलं, तेव्हा मी नव्हतेच. कोणी काही ठरवलेलं नसलं की सगळ्यांसाठी असलेली सरकारी छापाची यादी चालते, तशी ती चालत होती. बाई अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. पहिलं प्रकरण वाचलं, फाईलवर टिचकी मारली, तर ती प्लेअरमध्ये वाजायला लागली.

"अगं, मला ऐकायचं नाहीये. चुका कापायच्यात," बाई म्हणाल्या.

लेकीने फाईलवर माउसचं उजवं बटण दाबलं, आवाज कापायचा एडिटर निवडला आणि 'नेहमी यातच उघडा' यावर खूण केली. त्या क्षणी डिस्कवर एक ओळ लिहिली गेली. ती मी.

बाईंची काम करायची पद्धत ऐका. वाचताना चूक झाली की त्या थांबायच्या नाहीत. एक जोरदार टाळी वाजवायच्या आणि तेच वाक्य पुन्हा वाचायच्या. एडिटरमध्ये आवाज निळ्या रेघेसारखा दिसतो. बोलणं म्हणजे छोटे छोटे डोंगर, शांतता म्हणजे सपाट रेघ, आणि टाळी म्हणजे उंच सुळका. सुळका दिसला की त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य टाळीसकट कापायचं. सगळं पुन्हा ऐकत बसायला नको. काका आयुष्यभर लेथवर लोखंड कातणारे टर्नर. ते पडद्याकडे कधी फिरकायचे नाहीत, स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, "आज किती विकेट पडल्या?" बाई म्हणायच्या, "नऊ. आणि दहावी तुमच्या कुकरने घेतली."

अशी चौदा पुस्तकं झाली. पंधरावी एक जाड कादंबरी होती, दीपगृहावर राहणाऱ्या कुटुंबाची. तेवीस प्रकरणांपैकी सोळा कापून ग्रंथालयात गेली होती. सतरा ते बावीस नुसती वाचून ठेवलेली होती. मग बाई आजारी पडल्या. इस्पितळात काका अकरा दिवस पलंगाशेजारच्या पडद्यावरची रेघ पाहत बसले. ती पुढे कशी झाली, ते मी तुम्हाला सांगत नाही.

सहा महिन्यांनी काकांनी स्वतः संगणक सुरू केला. बाईंचा फोल्डर शोधला. आत नावाऐवजी नुसते आकडे असलेल्या सहा फायली होत्या; पहिलीवर, सतरा नंबरच्या, दोनदा टिचकी मारली. मला विचारलं गेलं : आवाजाची फाईल, कोणाकडे? मी पाच वर्षं जे सांगत आले तेच सांगितलं. एडिटर उघडला.

काकांच्या समोर एक निळी रेघ आली. लहान लहान चढउतार, मध्येच उंच सुळके. ते पुढे सरकवत शेवटाला गेले. शेवटी रेघ सपाट होती.

त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं.

लेक रविवारी आली तेव्हा ते म्हणाले, "त्या दवाखान्याच्या फायली पुसून टाक. सहा आहेत. मला नाही बघवत."

"दवाखान्याच्या कसल्या?"

"ते गं, हृदयाचे आलेख. तिने कशाला जपून ठेवले कोण जाणे."

लेक फोल्डर उघडून बसली. सहाही फायली तिने एकदम निवडल्या. बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं. मित्रांनो, पुसणं मला विचारून होत नाही. त्या वेळी मी काही म्हणजे काही करू शकत नव्हते.

"बाबा," ती थांबून म्हणाली, "दवाखान्याने आपल्याला आलेख दिलेच कधी? आणि ही तारीख बघा. तेव्हा आई धडधाकट होती. लोणी कढवत होती."

तिने उजवं बटण दाबलं आणि प्लेअर निवडला.

"प्रकरण सतरावं," बाई म्हणाल्या.

काका उभे होते ते स्टुलावर बसले. बाई वाचत राहिल्या. दीपगृहावरचा म्हातारा वात कापत होता, बाहेर वारा सुटला होता. मग एका शब्दावर बाई अडखळल्या, आणि खाडकन टाळी वाजली. काका दचकले. मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. "पहिली विकेट!" ते म्हणाले.

लेकीने एडिटर शेजारी उघडून दाखवला. "हा सुळका बघा, बाबा. हीच ती टाळी."

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. लेथवर काम करून बोटाचं टोक जाड झालेलं. "हा तिचा हात?" त्यांनी विचारलं. "आणि हे सपाट?"

"तिथे ती पान उलटते."

मी तेव्हा थक्क झाले आणि अजून आहे. फाईल तीच. तिच्यातला एक ठिपकाही बदलला नव्हता. एकाकडे दिली तर माणूस गेल्याची रेघ, दुसऱ्याकडे दिली तर माणूस बोलतंय. आणि मधे फक्त मी, एक ओळ. लेकीने त्या दिवशी माझी ती ओळ बदलून प्लेअरचं नाव घातलं.

दोन महिने काका रोज दुपारी एक प्रकरण ऐकत. सहा झाली की पुन्हा सतरापासून. मग ग्रंथालयातल्या ताईंचा फोन आला. आधी त्यांनी बाईंबद्दल बरंच हळू आवाजात बोलून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, विचारायला जीव होत नाही. पण सोळाव्या प्रकरणात बोट वादळात सापडलीय आणि आमची ऐकणारी माणसं आठ महिने किनाऱ्यावर उभी आहेत. एक आजोबा रोज फोन करतात."

"आहेत पुढची. पण त्यात टाळ्या आहेत," काका म्हणाले.

"टाळ्या?"

"चुका. कापायच्या राहिल्यात."

फोन ठेवून त्यांनी लॅपटॉप उघडला. टाळ्या कापायच्या म्हणजे बाईंचा हात कापायचा. न कापाव्या तर बाईंचं काम अर्धवट. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावून एकच विचारलं, "मूळ फाईल तशीच ठेवून दुसरीवर कापता येतं का?"

"येतं की. आधी कॉपी करा."

मग काकांनी कॉपी काढून तिच्यावर आपल्या हाताने उजवं बटण दाबलं, एडिटर निवडला आणि 'नेहमी यातच'वर खूण केली. माझी ओळ पुन्हा बाईंच्या वेळी होती तशी झाली. सतरा नंबरला त्यांना चार दिवस लागले. ते केसाएवढं मोजून कापतात, आणि बाईंचा श्वास कुठेही तुटू देत नाहीत.

मित्रांनो, माझ्यात आजही तीन ओळी अशा प्रोग्रामांच्या आहेत जे कधीच काढून टाकलेत. माझ्याकडे कोणी पाहत नाही, त्याचं मला काही नाही. माझं एकच मागणं आहे. एखादी फाईल उघडल्यावर ओळखीची दिसली नाही, तर ती लगेच पुसू नका. चूक माझ्या ओळीची असेल. उजवं बटण दाबा आणि ती दुसऱ्या कोणाकडे देऊन पाहा.

सतरा ते एकवीस ही प्रकरणं ग्रंथालयात पोहोचली. बाविसाव्यात चौदा टाळ्या आहेत, त्यातल्या पाच कापून झाल्या. तेविसावं प्रकरण अकरा पानांचं आहे. बाईंनी खूण घातलेलं पुस्तक माइकशेजारी ठेवलेलं आहे. तेवढं प्रकरण वाचायचं राहिलं आहे.