आधी दोर

होडी काठापासून दोन हात लांब असतानाच हौसराव उठून उभे राहिले. भीमेच्या पाण्यावर होडी डुगडुगली आणि मोनालीने मांडीवरचं फिजिक्सचं पुस्तक घट्ट धरलं.

पलीकडून निघाल्यापासून हौसराव भाच्याला, संघर्षला, एकच बजावत होते, "मांडवगणची शंकररावांची पोरगी पसंत पडली तर मार्चातच बार उडवायचा. परीक्षा-बिरीक्षा काय न्हाई." ती पोरगी समोरच बसली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बी.एस्सी.चं पहिलंच वर्ष डोळ्यांदेखत पाण्यात जाताना पाहून मोनालीला रडू येत होतं.

नावाडी म्हाळू दोर घेऊन पुढे सरकला.

"थांब," हौसरावांनी त्याला अडवलं. "मानाचा पाव्हणा आधी उतरतो."

"दोर तरी बांधू द्या, आप्पा."

"मी काय ल्हान पोर हाय व्हय?"

मोनालीला राहवलं नाही.

"मामा, उडी मारू नका. तुमी पुढं गेला की होडी मागं जाती. तुमी नव्वद किलो, आमच्यासकट होडी दोनशेसत्तर. तुमी सेकंदाला तीन मीटरनं उडाला, तर होडी एक मीटरनं मागं पळंल."

"नव्वद?" हौसरावांना फक्त तेवढंच झोंबलं. "पंच्याऐंशी हाय मी!"

आणि त्यांनी उडी मारली.

होडी मागे पळाली. हौसराव काठाच्या अलीकडे गाळात बसले. टोपी तेवढी कोरडी राहिली. संघर्षने तोंडावर रुमाल धरला. म्हाळू त्यांना वर ओढेपर्यंत मोनाली आडवाटेने घरी पळाली.

तासाभराने ती पोहे घेऊन ओसरीवर आली, तेव्हा हौसराव तिच्या वडिलांची लुंगी लावून बसले होते. तिला पाहताच त्यांनी लुंगी गुडघ्याखाली ओढली. मोनालीने बशी त्यांच्या हातात दिली.

"इचारा की पोरीला काहीतरी," शंकरराव म्हणाले.

हौसराव बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिले.

"पंच्याऐंशी धरलं असतं तर?"

"तरीबी पडला असता, मामा."

शंकररावांना काहीच कळेना.

"मग उतरायचं कसं?" हौसरावांनी तिला विचारलं.

"म्हाळूकाकांना आधी दोर बांधू द्यायचा."

हौसरावांनी बशी खाली ठेवली.

"शंकरराव, पोरगी पसंत हाय. पर परीक्षा होऊ द्या."

"व्हय की. एप्रिलात संपती."

"ती न्हाई. शेवटच्या वर्षाची. आधी दोर बांधू द्या तिला. लगनाचं मग तिलाच इचारू."

मोनाली चहा आणायला आत गेली आणि चुलीपाशी उभी राहून पोटभर रडली. बाहेर संघर्ष मामांची विजार पिळून वाळत घालत होता.